पट्टीचं टोक

१

पाणी कमी भरतंय हे कळलं तो बुधवार होता.

टेकडीवरच्या टाकीला नवी पातळीपट्टी बसवून तीन दिवस झाले होते. इंजिनिअरबाईंनी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ टाकीचे आकडे टिपले, ते खालच्या पंपघरातल्या मीटरच्या आकड्यांशेजारी मांडले, आणि समोरचा चहा तसाच गार झाला. पंपघरातून शंभर घनमीटर पाणी निघत होतं आणि टाकीत त्र्याण्णव पोचत होतं. रोज. सातांचा पत्ता नव्हता.

पाणीखात्याच्या मोठ्या साहेबांनी दोन्ही टोकांचे वॉल्व्ह बंद करून पाइपात दाब धरून ठेवायला लावला. दाबाचा काटा तासभर जागचा हलला नाही. म्हणजे गळती नव्हती, चोरून जोडलेली नळीही नव्हती. उरला मधल्या खड्ड्यातला एक बाजूचा वॉल्व्ह. पाइप धुवायचा झाला की तो उघडायचा, आणि त्याची चावी एकाच माणसाकडे.

"चोर पाइपात नाही, माणसात आहे," साहेब म्हणाले. दुपारपर्यंत चावीवाल्याची चावी काढून घेतली.

ही चावी म्हणजे छातीएवढी उंच लोखंडी दांडी होती, खाली चौकोनी तोंड असलेली. वीस वर्षं ती त्याच्या उजव्या खांद्यावर असायची. आता रिकाम्या खांद्याने चालताना त्याचा तोल गेल्यासारखा वाटत होता. तो तडक सुतारमिस्त्रींच्या दारात येऊन उभा राहिला.

मिस्त्री खिडकीच्या चौकटीचं माप घेत होते. त्यांच्या लाकडी पट्टीचं टोक कधीचं झिजून गेलं होतं. त्यामुळे ते शून्यावरून मोजतच नसत. एकच्या रेघेवर पट्टी धरायची आणि जो आकडा येईल त्यातून एक सेंटिमीटर सोडून द्यायचा, ही हाताची सवय झाली होती.

"दाजी, माझी चावी काढून घेतली," तो म्हणाला.

मिस्त्रींनी पेन्सिल कानावर खोचली. त्यांची बायको पाणीखात्यात मीटर बसवायची. सगळे तिला मीटरबाई म्हणत. ह्या चावीवाल्याला ती भाऊ मानायची, म्हणून मिस्त्री त्याचे दाजी. ती जाऊन सात महिने झाले होते, पण हे नातं तसंच राहिलं होतं.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "तू पाणी सोडलंस का कुणाला?"

"दाजी, तुम्हीसुद्धा?"

"विचारायला हवं होतं. विचारलं."

"थेंबभर नाही सोडलं. शनिवारी चौकशी आहे. चोर ठरलो की नोकरी जाईल, पंपघरामागची खोलीही जाईल. पोरींना घेऊन कुठे जाऊ?"

"मीटर चुकत असेल."

चावीवाला ओशाळं हसला. "हेच मी साहेबांना म्हणालो. ते म्हणाले, मीटरबाईंनी लावलेलं मीटर आजवर कधी चुकलंय? काय बोलणार मी? मीच गावभर सांगत फिरायचो, काटा हलेल पण ताईचा आकडा हलणार नाही म्हणून."

मिस्त्रींनी पट्टी खाली ठेवली. मीटर बरोबर असेल तर हा चोर होता. हा चोर नसेल तर मीटर चुकीचं होतं, आणि ते मीटर तिनं बसवलेलं होतं.

"चल पंपघरात," ते म्हणाले. "बाईंना विचारू, ह्या मीटरला फसवायचं कसं."

२

पंपघरात दोन पंप चालू होते. आत कानाला तोंड लावल्याशिवाय काही ऐकू येत नसे. इंजिनिअरबाईंनी दोघांना बाहेरच्या पायरीवर बसवलं. त्यांना ह्या जागी येऊन पाचच महिने झाले होते. मीटरबाईंना त्यांनी पाहिलं नव्हतं, फक्त त्यांचं अक्षर पाहिलं होतं.

"काका, हे मीटर पाइपाच्या आत जात नाही," त्या म्हणाल्या. "पाइप कापायचा नाही, भोक पाडायचं नाही. बाहेरून दोन सेन्सर पट्ट्याने आवळायचे. एक सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो. तो आवाज पाइपात शिरतो, समोरच्या भिंतीवर आपटतो आणि परत येऊन दुसऱ्या सेन्सरला मिळतो. मग दुसरा सोडतो, पहिला ऐकतो. पाण्याबरोबर जाताना आवाजाला कमी वेळ लागतो, उलट येताना जास्त. त्या फरकावरून पाणी किती पळतंय ते कळतं."

"आणि दुसऱ्याला नीट ऐकू आलं नाही तर?"

"म्हणून तर दोघांमधलं अंतर महत्त्वाचं. पाइपाचा घेर, पत्र्याची जाडी, पाइप कशाचा आहे, हे सगळं मीटरला सांगितलं की मीटरच सांगतं, सेन्सर इतक्या अंतरावर ठेवा. जवळ ठेवले किंवा लांब ठेवले की आवाज परत येतो तो नेमक्या जागी येत नाही. मीटर बंद पडत नाही, आकडा दाखवत राहतं. पण खोटा."

"तुम्ही आल्यावर ह्यातलं काही बदललंत?"

बाईंनी भुवई वर केली. "म्हणजे माझ्यावरही संशय आहे तर."

"मी ह्यालाही विचारलं. रागावू नका."

"रागावले नाही. या, तुमच्यासमोरच बघू."

आत जाऊन बाईंनी पाइपाभोवती फीत गुंडाळली, घेर मोजला. जाडी मोजायच्या यंत्रानं जाडी बघितली. दोन्ही आकडे मीटरमध्ये भरलेल्या आकड्यांशी तंतोतंत जुळले. मीटर अंतर मागत होतं एकशे अठ्ठेचाळीस मिलिमीटर. मग त्यांनी एका सेन्सरच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत अंतर मोजायचा कॅलिपर लावला. एकदा लावला, पुसला, पुन्हा लावला.

बाहेर आल्यावर त्या आधी पाणी प्यायल्या.

"एकशे अठ्ठावन्न. बरोब्बर दहा मिलिमीटर जास्त."

चावीवाल्यानं हात जोडले. "सुटलो!"

"तुम्ही नाही सुटलात," बाई हळूच म्हणाल्या. "तुमची खोली इथून दहा पावलांवर आहे. साहेब म्हणतील, चोरी लपवायला ह्यानंच सेन्सर सरकवला. मीटर चुकीचं दिसलं की चोरीची भानगडच मिटली. उलट आता तुमच्यावर दोन आरोप होतील."

चावीवाला पायरीवरून उठला होता, तो परत बसला.

३

मिस्त्री एकटेच परत आत गेले. लाकडाच्या कामात ज्याला सांधा बघायची सवय आहे त्याला कडा दिसतात. पाइपाला हिरवा रंग होता, जाड. रंग सेन्सरच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता. सेन्सर आणि रंग यांच्यामध्ये नखही शिरत नव्हतं.

रंगारी बाजारामागच्या गल्लीत राहायचा. दारात स्टुलावर बसून तो जुना ब्रश रॉकेलात धूत होता.

"पंपघराचा हिरवा पाइप तू रंगवलास?"

"का? पापुद्रा सुटला?"

"नाही. तेव्हा मीटर होतं का त्यावर?"

"होतं ना. नवंकोरं. आठच दिवस झाले होते म्हणे बसवून. मीटरबाईंची चिठ्ठी चिकटवलेली होती, हात लावाल तर याद राखा." रंगारी हसला आणि मग समोर कोण उभं आहे ते आठवून त्यानं ब्रश खाली ठेवला. "माफ कर मिस्त्री."

"तसंच लिहायची ती. मग तू हात लावलास?"

"मी? त्या बाईनं एकदा मला भर रस्त्यात झापलं होतं, मीटरच्या काचेवर थेंब उडाला म्हणून. हात कसला लावतो! बारीक ब्रश घेतला आणि न्हावी कानामागून वस्तरा फिरवतो तसा कडेकडेनं फिरवला. सेन्सर काढून बघ, खाली जुना राखाडी रंग असेल."

"आणि नंतर कुणी सेन्सर दहा मिलिमीटर सरकवला असता तर?"

"दहा मिलिमीटर? तेवढी राखाडी पट्टी उघडी पडली असती, आंधळ्यालाही दिसली असती. शिवाय पुढच्या बाजूचा हिरवा रंग सेन्सरखाली गेला असता. मिस्त्री, माझ्या रंगावरून काहीही सरकलं तरी मला कळतं. आणतो कपबशी, बस."

मिस्त्री बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअरबाई, रंगारी आणि ते असे तिघे पंपघरात गेले. बाईंनी टॉर्च धरला. राखाडी पट्टी कुठेच नव्हती. रंगाची कड अखंड होती.

"म्हणजे रंग दिल्यापासून कुणी हात लावलेला नाही," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. "चावीवाले सुटले. तुम्ही सुटलात, रंगारीभाऊ. मी तर तेव्हा नव्हतेच. पण रंगाच्या आधीचे आठ दिवस?"

"मीटर बसलं त्या संध्याकाळपासून आठ दिवस पंपघराला कुलूप होतं," पायरीवर थांबलेला चावीवाला म्हणाला. "नवा पंप यायचा होता. किल्ली मोठ्या साहेबांच्या टेबलात होती."

"मग पहिल्या दिवसापासूनच अंतर चुकलेलं आहे. पण साहेब नुसत्या रंगावर विश्वास ठेवणार नाहीत, लेखी काहीतरी हवं." बाईंनी नजर खाली वळवली. "बसवताना मीटरबाई एकट्याच होत्या का?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "मी होतो."

४

शेवटच्या दोन महिन्यांत तिला दम लागायचा. पिशवी उचलता यायची नाही. घरी बस म्हटलं तर म्हणायची, बसून दम लागत नाही का? मग मिस्त्री दुकान बंद ठेवून तिची पिशवी घेऊन जायचे. ती सांगेल ते धरायचे.

ती पिशवी सात महिने खुंटीवर होती. त्यांनी ती एकदाही उघडली नव्हती. गुरुवारी दुपारी त्यांनी ती खाली काढली. आत सेन्सरला लावायच्या ग्रीसची नळी होती, फीत होती, स्टीलची पट्टी होती, तिचा चष्मा होता. आणि वही.

पंपघराचं पान सापडायला वेळ लागला नाही. घेर, जाडी, तारीख. खाली लिहिलेलं:

*हवं १४८. पट्टीवर १५८ ला लावलं. आवाज जरा दबका येतोय. पुन्हा येऊन बघायचं.*

त्या आठवड्यातच तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. पुन्हा जाणं झालं नाही.

मिस्त्री ती ओळ वाचत बसले. हवं एकशे अठ्ठेचाळीस, हे तिला माहीत होतं. तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. मग समजून उमजून दहा जास्त का लावले? वाचायची चूक असती तर तिनं आकडा वेगळा लिहिला नसता. हात थरथरला असता तर चार आले असते, सहा आले असते. बरोब्बर दहा आले नसते. हे दहा तिनं मुद्दाम मिळवले होते.

त्यांची नजर बाकावरच्या लाकडी पट्टीवर गेली. झिजलेल्या टोकाच्या.

तीस वर्षं घरात फळी लावायची असो की पडद्याचा दांडा, टोक धरायचे मिस्त्री आणि दुसरीकडे आकडा बघायची ती. ते एकवर धरतात हे तिला ठाऊक होतं. ती कधी विचारायची नाही. मोजायचं असेल तर एक वजा करायची, खूण करायची असेल तर एक मिळवायची. लग्न नवं असताना एकदा कपाट एक सेंटिमीटर आखूड झालं होतं, त्यानंतर कधीच नाही. "तुमचा एक मी सांभाळते," म्हणायची.

पंपघरात त्या दिवशी पंप चालू होते. बोलणं शक्यच नव्हतं, आणि तिच्यात ओरडायचं बळ नव्हतं. तिनं पट्टीचं टोक त्यांच्या हातात दिलं. पिशवीतली हीच स्टीलची पट्टी, चकचकीत, टोक न झिजलेली. मिस्त्रींना ते क्षण लख्ख आठवले. पहिल्या सेन्सरच्या कडेला पट्टी टेकवताना त्यांच्या मनात आलं होतं, हे सुताराचं दुकान नाही, हे तिचं काम आहे. इथे आपली खोड नको. आणि त्यांनी पट्टी शून्यावर धरली. अगदी काळजीपूर्वक, अंगठ्यानं दाबून.

दुसऱ्या टोकाला तिनं त्यांचा एक मिळवला.

मिस्त्रींनी चष्मा उचलला, तिचा. काच पुसली आणि परत घडी घालून ठेवला. संध्याकाळी चावीवाला विचारायला आला तेव्हा दार लोटलेलं होतं. आतून काही आवाज आला नाही, म्हणून तो ओट्यावरच बसून राहिला.

शेवटी मिस्त्रींनीच दार उघडलं. चावीवाल्याच्या तोंडावर दोन दिवसांची दाढी होती.

"दाजी, काही सापडलं असेल आणि ताईच्या नावाला लागणार असेल, तर राहू द्या. मी दुसरीकडे कुठेतरी बघेन काम."

"ह्या वयात?"

"चावी फिरवायला वय लागत नाही."

"पोरींचं काय?"

मिस्त्रींनी त्याच्या शेजारी बसून वही त्याच्या मांडीवर ठेवली. चावीवाल्यानं पान वाचलं, पण त्याला त्यातलं काही कळलं नाही. ती ओळ कळेल असा एकच माणूस उरला होता. तो बोलला नाही तर ती वेंधळी ठरणार होती, आणि वही लपवली तर हा चोर.

५

शनिवारी मोठ्या साहेबांच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या. चावीवाला उभा राहिला. साहेबांनी बस म्हटलं नाही.

इंजिनिअरबाईंनी मापं सांगितली. रंगाऱ्यानं कडेचं सांगितलं आणि नको तितकं सांगितलं, रंगाच्या कंपनीपर्यंत पोचला, तेव्हा साहेबांनी त्याला थांबवलं. मग मिस्त्रींनी वही पुढे ठेवली.

साहेबांनी ओळ दोनदा वाचली. "म्हणजे मीटरबाईंनी चूक केली. हातानं लिहूनही ठेवली. वाईट वाटतं, पण आजारात होतं असं माणसाचं."

"चूक तिची नाही. पट्टीचं टोक माझ्या हातात होतं."

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. झिजलेली पट्टी, एकची रेघ, कपाट. सांगता सांगता त्यांनी सोबत आणलेली लाकडी पट्टी टेबलावर ठेवली.

"पटत नसेल तर करून बघा," ते म्हणाले. "साहेब, तुम्ही ते टोक बघा, मी हे धरतो. मला सांगू नका किती हवंय ते."

साहेबांनी पट्टीचं दुसरं टोक धरलं. टेबलाची रुंदी मोजली. "एकसष्ट."

"साठ आहे. मी एकवर धरलंय. तिला हे सांगावं लागत नव्हतं. म्हणून त्या दिवशीही तिनं विचारलं नाही, आणि मी शून्यावर धरलंय हे मी सांगितलं नाही."

इंजिनिअरबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

साहेबांनी घसा खाकरला. "मिस्त्री, पण खात्याच्या कामात बाहेरच्या माणसाला पट्टी धरू दिली, हीसुद्धा चूक त्यांचीच होते."

"तिला मदतनीस द्या म्हणून तिनं दोनदा अर्ज केला होता."

"तो विषय वेगळा."

"बरं. मग ह्याचा विषय तरी संपवा," मिस्त्रींनी चावीवाल्याकडे बोट केलं. "पाणी कुठे गेलंच नव्हतं. जेवढं टाकीत पोचत होतं तेवढंच इथून निघत होतं. मीटर सात जास्त सांगत होतं, एवढंच."

साहेबांनी कागद पुढे ओढला. तासाभरानं चावीवाल्याला चावी मिळाली. त्यानं ती खांद्यावर घेतली नाही, दोन्ही हातांत आडवी धरून बाहेर आणली. मग भिंतीकडे तोंड करून तो रडला. मिस्त्री त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"ताईला गमावलं, आणि आता तिचं नावही माझ्यापायी," तो म्हणाला.

"तिनं काय केलं असतं?"

"मला आधी झापलं असतं. मग हेच केलं असतं."

"मग झालं तर."

६

सोमवारी पंप बंद ठेवून सेन्सर पुन्हा बसवले. बाईंनी पट्टी मिस्त्रींच्या हातात दिली.

"काका, कुठून धरलंय?"

"शून्यावर."

"मी एकशे अठ्ठेचाळीसला लावतेय."

"लावा."

पंप चालू झाले. बाईंनी मीटरकडे बघून अंगठा वर केला. दुसऱ्या दिवशी शंभराला साडेनव्व्याण्णव जुळले. एवढा फरक चालतो म्हणे.

नोंदवहीत साहेबांनी लिहिलं, *बसवणाऱ्या कर्मचारी महिलेच्या चुकीमुळे*. मिस्त्रींनी तिथे आपलं नाव घाला म्हणून सांगितलं. नोंदवहीत बाहेरच्या माणसासाठी रकाना नव्हता. त्यांनी साध्या कागदावर अर्ज लिहून दिला, इंजिनिअरबाईंनी त्याच्यावर तारखेचा शिक्का मारून घेतला.

शेवटच्या दोन महिन्यांत तिनं आणखी चार मीटर बसवली होती. चारही वेळा टोक मिस्त्रींनी धरलं होतं. तेव्हा एकवर धरलं होतं की शून्यावर, हे त्यांना आठवत नाही. म्हणून बाईंबरोबर ते एकेक ठिकाणी जातात, पिशवी खांद्यावर असते. तीन बघून झाली. तिन्ही बरोबर निघाली, म्हणजे तिथे त्यांनी नेहमीसारखं एकवर धरलं होतं आणि तिनं एक सांभाळला होता.

अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही. चौथं मीटर तपासायचं राहिलं आहे.